मी हजर होते

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती माठातल्या गार पाण्याच्या चवीसकट. माझ्या पोलिसातल्या नोकरीतला तो शेवटचा उन्हाळा. नागपूरच्या दक्षिणेला, हुडकेश्वरच्याही पुढे, मुलींच्या सरकारी वसतिगृहाचं बांधकाम सुरू होतं. एका सकाळी टेकू काढताना पोर्चचा स्लॅब खाली आला. दोन मजूर त्याखाली सापडले. एकाचा पाय मोडला, दुसऱ्याचा खांदा निखळला. जीव वाचले, एवढंच काय ते बरं.

मी घटनास्थळी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पंचनामा सुरू केला. चौकीदाराच्या बायकोने झोपडीशी बोलावून माठातलं पाणी ग्लासात दिलं, ते तिथेच उभ्याउभ्या प्यायलो आणि कामाला लागलो. या पाण्याकडे मला पुन्हा यायचं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

कंत्राटदाराने त्याच दुपारी ठाण्यात येऊन जबाब दिला आणि थेट बोट दाखवलं एका सव्वीस वर्षांच्या इंजिनिअर मुलीकडे. ती त्या कामावरची तांत्रिक प्रतिनिधी होती. सरकार काम कंत्राटदाराला देतं, पण ते ठरल्याप्रमाणे होतंय की नाही हे साइटवर उभं राहून बघायला आपलं एक माणूस नेमतं, ते हे. कंत्राटदाराचं म्हणणं सरळ होतं. "माह्यं काँक्रीट लॅबमध्ये पास झालं साहेब. हा पाहा रिपोर्ट. टेकू काढाची परवानगी मॅडमच्या सहीची. आन मॅडम साइटवर कधी आल्याच नाहीत. घरी बसून सह्या करत होत्या." त्याचा साइटवरचा कारकून, म्हणजे मुन्शी, आणि सेंट्रिंगचा मिस्त्री, दोघांनीही हेच सांगितलं, अगदी शब्दाला शब्द.

शब्दाला शब्द जुळला की माझे कान टवकारतात. खरं सांगणारी दोन माणसं कधी सारखं बोलत नाहीत. एकाला चहा आठवतो, दुसऱ्याला चपला. पण त्या दिवशी मी तिकडे काणाडोळा केला. तीस वर्षं खाकीत काढल्यावर सही करून मोकळं होणाऱ्या माणसांचा इतका वीट आलेला असतो की ही मुलगीही त्यातलीच, असं मी मनात लिहून टाकलं. चूक माझी. तिच्यावर गुन्हा दाखल झाला. सगळं कागदोपत्री तिच्याविरुद्ध होतं. साइटवरचं रजिस्टर गायब. मोबाइलचं लोकेशन काढलं तर तिचं घर आणि साइट एकाच टॉवरखाली. म्हणजे ती घरी होती की साइटवर, ते टॉवर सांगू शकत नव्हता.

वरिष्ठांचा रोज फोन. "अटक कधी करताय? वर्तमानपत्रवाले विचारतायत."

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एक बाई आली. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला. मी ओळखलं, ती चौकीदाराची बायको. सावनेरकडची, कामासाठी इकडे आलेली. ठाणे अंमलदाराला काही सांगेना, माझ्याच टेबलाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, ते मॅडम येत होती. दर खेपेले येत होती. माह्या हातचं पाणी पेत होती."

"मग हे लिहून देतेस का वं?"

"नाही ना जी. माह्या घरवाल्याची नोकरी जाईन. अंगठा नाही देत मी." आणि आली तशी गेली.

अंगठ्याशिवायच्या बोलण्याला कोर्टात किंमत नाही. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला चौकशीला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसवली. बाहेर बाकावर तिचे वडील डबा मांडीवर घेऊन बसलेले. उमरेडचे, हातमागावर आयुष्य घालवलेले. माग बंद पडल्यावर पोरीच्या शिक्षणासाठी नागपुरात आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती.

मी मुद्दाम आवाज चढवला. "किती वेळा गेली होतीस साइटवर? खरं बोल!"

ती घाबरली नाही, चिडली. "स्लॅब टाकला त्या दिवशी सकाळपासून होते साहेब. माझ्या हाताने क्यूब भरले."

"क्यूब म्हणजे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोलीस निरीक्षक नसून नापास झालेला विद्यार्थी आहे. मग समजावून सांगितलं. स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे तीन चौकोनी ठोकळे साच्यात भरतात. साइटवरच्या हौदात पाण्यात ठेवतात आणि अठ्ठावीस दिवसांनी लॅबमध्ये मशीनखाली दाबून फोडतात. ठोकळे किती जोर सोसतात, त्यावरून स्लॅब किती सोसेल ते कळतं. "ठोकळे पास झाले म्हणूनच मी टेकू काढायची सही केली. मग स्लॅब पडला कसा, हेच मला समजून नाही राहिलं," ती म्हणाली. "माझी एक चूक झाली साहेब. हौदातून लॅबपर्यंत ठोकळ्यांसोबत जायचं असतं. त्या दिवशी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी गेले नाही."

आपली चूक आपणहून सांगणारा आरोपी मी फार कमी पाहिला आहे. तिला त्या दिवशी मी घरी पाठवलं. वरिष्ठांना म्हटलं, "सर, मला दोन दिवस द्या." त्यांनी फोन आपटला, पण दिवस दिले.

या लोकांचं काम नेमकं काय असतं हे कळल्याशिवाय माझं पान हलणार नव्हतं. चौकशी केली तर समजलं, अशा प्रतिनिधींना आधी पाच दिवसांचं प्रशिक्षण देतात आणि नवी तुकडी त्याच आठवड्यात सुरू होती. साधा शर्ट घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बांधकाम खात्यात त्या प्रशिक्षणाला सगळे 'समोशाचा कोर्स' म्हणायचे. अर्धी मंडळी मोबाइलमध्ये, अर्धी समोशाच्या वाटेकडे डोळे लावून. शिकवायला एक निवृत्त उपअभियंता होते. आवाज बारीक, पण बोलणं करवतीसारखं.

"काय गा, झोपून राहिले का? अरे, कंत्राटदार तुमच्या डोळ्याले नाही भेत, तुमच्या हजेरीले भेते. क्यूब भरताना एक काम करा. लहान चिठ्ठी घ्या. त्यावर तारीख, सही लिहा. पेनानं नाही, पेन्सिलीनं. पेनाची शाई काँक्रीट खाऊन टाकते. प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळा आन तीनपैकी एका ठोकळ्याच्या पोटात दाबून द्या. कोणत्या, ते बायकोलेही सांगू नका! लॅबमध्ये ठोकळा फुटला का चिठ्ठी निघाली पाहिजे. नाही निघाली, तं समजा ठोकळा बदलला."

मी बाकावरून उठलोच. सगळा वर्ग मागे वळून पाहायला लागला. सर म्हणाले, "समोशाले वेळ आहे अजून."

बाहेर येऊन तिला फोन लावला. "तू चिठ्ठी टाकली होतीस का?"

"हो साहेब. टाकते मी नेहमी. पण ठोकळे फुटले, आता चिठ्ठी मलब्यात गेली असेल."

"अगं बाई, हे मला आधी का नाही सांगितलं!"

"फुटून गेलेल्या ठोकळ्याचं काय सांगणार होते?"

तिथून थेट लॅब गाठली. ठोकळे फोडणारा माणूस सरळ होता. म्हणाला, "नाही जी, त्या तीन ठोकळ्यांत कागदबिगद काहीच नव्हता. भलते कडक होते, सिमेंट भरभरून होतं त्यात." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी चिठ्ठी टाकते, आणि फुटलेल्या ठोकळ्यांत चिठ्ठी नाही. म्हणजे लॅबमध्ये फुटले ते तिचे ठोकळे नव्हतेच. मग तिचे कुठे गेले?

आता पोलिसाचं डोकं चालवायचं होतं. एकेक ठोकळा आठ किलोचा. चोर कितीही हुशार असो, ओझ्याचा त्याला कंटाळा असतो. दागिना माणूस गावाबाहेर नेऊन पुरतो. दगड हात पोचेल तिथेच टाकतो. दोन शिपाई घेऊन साइटवर गेलो. हौदामागे, रेतीच्या ढिगात, झुडपांत, सगळीकडे पाहिलं. दुपारचं ऊन असं की डोकं भणभणलं. तीन तासांत विटांचे तुकडे आणि एक मेलेली घोरपड, एवढंच सापडलं. आम्ही हात टेकले.

चौकीदाराची बायको झोपडीच्या दारात येऊन म्हणाली, "पाणी पेता का साहेब?"

सावलीत माठ होता. तिने ओगराळ्याने पाणी काढलं, मी खाली वाकलो, ओंजळ तोंडाशी नेली आणि तशीच धरून राहिलो. पाणी बोटांतून गळून गेलं. माठ तीन चौकोनी ठोकळ्यांवर ठेवलेला होता.

"हे कुठून आणले वं?"

"हौदाच्या मांगं फेकून देल्ले होते मुन्शीनं. मी म्हनलं, चांगले चौकोनी आहेत, कायले वाया घालवाचे? माठाले झाले." मग ती दचकली. "काहून? चोरीचे आहेत का?"

पंचनाम्याच्या दिवशी मी याच माठातलं पाणी प्यायलो होतो. पुरावा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि मी ग्लास रिकामा करून पुढे गेलो होतो. तीस वर्षांची नजर म्हणे! मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली. माठ उतरवून ठोकळे उलटे केले. खालच्या अंगाला, काँक्रीट ओलं असताना खिळ्याने कोरलेला क्रमांक आणि स्लॅब टाकल्याची तारीख होती. पंच बोलावले, जागेवर जप्ती केली, लाखेचं सील मारलं. बाईच्या माठाला ठाण्यातून लोखंडी तिवई पाठवली. तिचा माठ भुईवर ठेवून येणं मला बरं वाटलं नाही.

पण मुन्शी उद्या म्हणणार, कोरलेला नंबर कोणीही कोरेल. म्हणून रीतसर परवानगी काढून ठोकळे सरकारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. पंच हजर, व्हिडिओ सुरू. कंत्राटदार कडक इस्त्रीत आलेला, मुन्शी त्याच्या मागे. एका कोपऱ्यात ती मुलगी आणि तिचे वडील. मी तिला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "चिठ्ठी कोणत्या ठोकळ्यात आहे?" ती म्हणाली, "नाही सांगणार. प्रशिक्षणात सरांनी कोणालाच सांगायचं नाही म्हटलंय." अटक डोक्यावर टांगलेली, आणि पोरीचा नियम सुटत नव्हता! मला हसू आलं आणि अभिमानही वाटला.

पहिला ठोकळा मशीनखाली गेला. काटा चढला, चढला आणि लवकरच थांबला. ठोकळा भसकन फुटला. लॅबच्या रिपोर्टातल्या आकड्याच्या निम्म्यावरही गेला नव्हता. पण आत चिठ्ठी नव्हती. कंत्राटदाराने रुमाल काढून तोंड पुसलं. वडील पट्टीच्या डोळ्यावर हात ठेवून उभे होते.

दुसरा ठोकळा. तोही तसाच फुटला. प्रयोगशाळेच्या माणसाने तुकडे बाजूला केले आणि थांबला. काँक्रीटच्या पोटातून प्लास्टिकचं एक टोक बाहेर डोकावत होतं. त्याने चिमट्याने ओढलं, पंचांसमोर उलगडलं. आत चौकोनी कागद, पेन्सिलीची अक्षरं स्वच्छ. तारीख, क्रमांक, सही आणि खाली तीन शब्द. पंचांपैकी एकाने मोठ्याने वाचलं.

"मी हजर होते."

 मग तिच्या वडिलांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ते पुढे आले, कंत्राटदारासमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ऐकलं ना गा? हजर होती माही पोरगी."

आधी ठोकळा फुटला, मग मुन्शी फुटला. ठाण्यात पोचेपर्यंत त्याने सगळं ओकून टाकलं. गोण्यांत आधीच राख मिसळली होती, म्हणून मॅडमसमोर मोजून घातलं तरी स्लॅबमध्ये सिमेंट कमीच गेलं होतं. भरपूर सिमेंटचे वेगळे तीन ठोकळे आधीच तयार होते, त्यांवर तोच क्रमांक कोरला होता, आणि ती ऑपरेशनला गेली त्या दिवशी तेच लॅबला गेले. रजिस्टर त्याच्याच घरात, गादीखाली निघालं. पानापानावर तिच्या हजेरीच्या सह्या. कंत्राटदाराला संध्याकाळच्या आत अटक केली. चौकीदाराच्या बायकोने आपणहून येऊन अंगठा दिला, वर मला बजावलं, "आता नीट लिहा साहेब, मॅडम दर खेपेले येत होती." वसतिगृहाचं बाकीचं काम तपासलं तेव्हा वरचा आणखी एक स्लॅब तसाच कच्चा निघाला. त्याखाली पोरींच्या खाटा लागणार होत्या. तो पाडून नव्याने टाकला. आज तिथे मुली राहतात.

वरिष्ठांचा फोन आला. "शाबास!" मी म्हटलं, "सर, शाबासकी त्या पोरीची."

मी निवृत्त झालो. 'समोशाचा कोर्स' आता कोणी म्हणत नाही. सर थकले, त्यांच्या जागी ती शिकवते, आणि दर तुकडीला एक तास मला बोलावते. गेल्या वेळी एका प्रशिक्षणार्थीने मला सरळ विचारलं, "सर, तुम्ही जबाबाखाली 'समक्ष' असं लिहून सही करता ना? म्हणजे माझ्यासमोर घडलं म्हणून. तुम्ही प्रत्येक वेळी समोर होता का?"

 खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "कित्येकदा हवालदाराने लिहून आणलं आणि मी चहा पिता पिता सही केली. त्यातलं काय खरं होतं, काय नाही, ते आता कोणत्याही मशीनखाली घालून कळायचं नाही. त्या पोरीवर पहिल्या दिवशी संशय घेतला, तो ती माझ्यासारखी असेल असं वाटलं म्हणून."

तिने वर्गात सगळ्यांनी मिळून भरलेला ओला ठोकळा पुढे ठेवला, माझ्या हातात पेन्सिल दिली आणि चिठ्ठी पुढे केली. मी तारीख घातली, नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'समक्ष'. मग ती चिठ्ठी गुंडाळून माझ्याच अंगठ्याने ठोकळ्याच्या पोटात दाबली. त्या दिवशी मी खरंच समोर होतो.