सोनुने सरांचा तास आणि माझ्या हातची यादी

प्रा. दिगंबर सोनुने सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते धाडच्या आठवडी बाजारात, आणि माझा असा समज झाला की हे बाजाराची पावती फाडणारे गृहस्थ असावेत. हातात वही होती, डोक्याला रुमाल होता आणि मसाला विकणाऱ्या एका बाईंना ते विचारत होते की आठवड्यात तुम्ही किती बाजार करता, आणि इथे ऐकलेली बातमी अमडापूरला कोणत्या दिवशी पोचते. बाई न कंटाळता सांगत होत्या, सर लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीसाठी मी महाविद्यालयात मुलाखतीला गेलो, तर इतिहास विभागप्रमुखांच्या खुर्चीत तेच गृहस्थ. पावतीची गोष्ट मी त्यांना वर्षभराने सांगितली. ते म्हणाले की त्या बाईंनाही तसेच वाटले होते, म्हणून तर त्या इतके खरे बोलल्या.

त्या वहीचे कारण पुढे कळले. तिसऱ्या वर्षाला प्राचीन जगाच्या इतिहासात आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे प्रकरण आहे. साम्राज्याच्या एका कोपऱ्यातला मूठभर लोकांचा पंथ, जवळ ना सैन्य ना सत्ता, तो तीनशे वर्षांत रोमपर्यंत आणि त्याहीपुढे कसा गेला? आमची मुले याची पाच कारणे पाठ करून पाच गुण घेत आली आहेत. चांगले रस्ते, सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा वगैरे. सरांना या पाच कारणांचा मनापासून राग होता. ते मुलांना विचारत की तुमच्या गावात नवी गोष्ट आधी कोण आणते. जीपवाला, बांगड्या विकणारी, माहेरपणाला आलेली लेक, अशी उत्तरे येत. मग सर फळ्यावर अंत्युखिया, इफिस, करिंथ अशी नावे लिहीत, आणि तंबू शिवून पोट भरणारा एक प्रचारक त्या गावांतून कसा फिरला असेल हे मुलेच सांगू लागत.

त्या प्रकरणाचा शेवटचा तास सर वर्गात घेत नसत. ग्रंथालयामागच्या खोलीत चटया अंथरल्या जात. मुले घरून डबे आणत. एका वाटीत चिठ्ठ्या असत आणि त्यांवर गुलाम, सैनिक, कापडवाला, विधवा, घरमालकीण असे लिहिलेले असे. जी चिठ्ठी हाताला लागेल ते त्या तासापुरते व्हायचे आणि एका पंगतीत बसून एकमेकांच्या डब्यातले खायचे. पहिल्या शतकातली ती माणसे देवळात जमत नव्हती, कोणाच्या तरी घरी जमत होती, आणि तिथे मालक व गुलाम एकत्र जेवत होते. त्या काळच्या लोकांना याचेच नवल आणि याचाच राग होता, हे सरांना मुलांच्या पोटातून डोक्यात घालायचे असे. भूमिका चिठ्ठीने ठरवायची हा त्यांचा कडक नियम होता. कोणाच्या आडनावाकडे पाहून कोणी कोणाला गुलाम करू नये, एवढी काळजी त्यामागे होती. सर स्वतः रोज सकाळी देवपूजा करूनच घराबाहेर पडतात, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

पुस्तकातले सर पुस्तकात राहू देत नाहीत, याचा अनुभव साथीच्या काळात आला. रोमन शहरांत साथ आली तेव्हा पळून न जाता आजाऱ्यांपाशी थांबलेल्या लोकांविषयी ते दरवर्षी शिकवीत. आमचा विद्यार्थी नईम याच्या घरी सगळेच अंथरुणाला खिळले, तेव्हा सर सतरा दिवस त्यांच्या ओट्यावर डबा ठेवून येत आणि कोणी तो उचलून आत नेईपर्यंत रस्त्यापलीकडे उभे राहत. हे मला नईमने सांगितले. सरांनी आजवर कधीही सांगितलेले नाही.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो त्याकडे येतो. माझ्या नेमणुकीच्या तिसऱ्या वर्षी सरांनी चटईच्या तासाची तयारी माझ्यावर सोपवली. मला मोठा उत्साह. सगळे खऱ्यासारखे दिसावे म्हणून मी एका कागदावर वळणदार अक्षरात लिहिले, ‘ख्रिस्ती मंडळीत सामील झालेल्यांची यादी’. खाली मुलांची खरी नावे, गावे, वडिलांची नावे आणि प्रत्येकाची सही. हजेरीही झाली आणि नाटकही झाले, असा दुहेरी शहाणपणा. त्याचा फोटो मीच वर्गाच्या मोबाइल गटावर टाकला. खाली ‘तृतीय वर्ष, इतिहास’ असे तीन शब्द लिहायचे मला सुचले नाही.

चार दिवसांनी तो फोटो ‘महाविद्यालयात धर्मांतर’ अशा मथळ्याने तालुकाभर फिरत होता. पाचव्या दिवशी दुपारी प्राचार्यांच्या दालनात संस्थेचे अध्यक्ष, गावातले दोघे प्रतिष्ठित आणि प्रज्ञा या विद्यार्थिनीचे वडील बसलेले होते. सरांना बोलावले होते, विभागातला म्हणून मलाही. टेबलावर यादीची छापील प्रत होती. बाहेर व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसे उभी होती आणि त्यांचा आवाज वाढत होता. सर दोन महिन्यांनी प्रभारी प्राचार्य होणार हे ठरलेले होते. माझी नेमणूक वर्षाच्या वर्षाला व्हायची. अध्यक्षांनी एकच प्रश्न विचारला: ही यादी कोणी केली? नाव सांगा, त्याला आजच घरी पाठवतो, विषय संपला.

सर काही बोलले नाहीत. प्रज्ञाचे वडील अमडापूरकडचे, मजुरी करणारे. त्यांना विचारले गेले की मुलीला काही सांगितले का, काही वाचायला दिले का. ते शांतपणे म्हणाले, “आमी बुद्धाचे मानसं. पोरीले चिठ्ठीत घरमालकीन निंगाली. तिनं घरी येऊन मले सारं रोमचं सांगतलं. मले त काई वावगं नाई दिसलं. तुमाले काऊन दिसून राह्यलं?” बाहेरून कोणीतरी दारावर थाप मारली.

मग प्राचार्य माझ्याकडे वळले आणि म्हणाले की तुमचे अक्षर चांगले आहे, सरांचा जबाब तुम्ही लिहून घ्या. नोंदवही माझ्यापुढे सरकवली गेली. तिच्या शेजारीच ती यादी पडलेली. दोन ओळी लिहिल्या असत्या की दोन्हीकडचे अक्षर एकच हे आंधळ्यालाही कळले असते. मी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. तोंड उघडावे, सांगून टाकावे असे वाटत होते, आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे घर दिसत होते. सरांनी एकदा यादीकडे पाहिले, एकदा माझ्या हाताकडे. मग उठून त्यांनी वही स्वतःकडे ओढली.

“जबाब माझा आहे, मीच लिहितो.”

त्यांनी लिहिले की यादी माझ्या तासासाठी झाली, तो अभ्यासक्रमाचा भाग आहे, चूक झाली असेल तर ती संपूर्ण माझी. यापुढे हे प्रकरण शिकवणार नाही असेही लिहा, असा आग्रह झाला. ते मात्र त्यांनी लिहिले नाही. प्रभारी प्राचार्यपद दुसऱ्याकडे गेले. मी दालनातून बाहेर पडलो तो तोंड न उघडताच.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीप्रमाणे तास घेतला. मी मागच्या बाकावर होतो. विषय होता सम्राटाच्या हुकमाचा. देवांपुढे धूप जाळा, तसा दाखला घ्या, नाहीतर शिक्षा. भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी धूप जाळला. संकट सरल्यावर तीच माणसे परत मंडळीच्या दाराशी आली, आणि त्यांना आत घ्यावे की नाही यावरून मोठा वाद माजला. सरांनी मुलांना विचारले, तुम्ही काय केले असते? प्रज्ञा उभी राहिली.

“घ्याले पाह्यजे सर. भेव त कोनालेही वाटते. पन त्यानं सोताहून सांगाले पाह्यजे, साऱ्याईसमोर.”

सर बराच वेळ फळा पुसत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. त्यानंतर आजपर्यंत त्या यादीचा एक शब्दही त्यांनी माझ्याजवळ काढलेला नाही. उलट माझ्या कायम नेमणुकीच्या वेळी शिफारसपत्र त्यांनीच लिहिले. मी कायम होऊन दोन वर्षे झाली. म्हणजे भीतीचे कारण संपल्यावरही मी दोन वर्षे गप्प बसलो. याची मला लाज वाटते.

हा लेख छापायला देण्याआधी मी सरांना वाचून दाखवला. ते अस्वस्थ झाले. मधला भाग काढून टाका म्हणाले, माझ्या साठीच्या गौरवग्रंथात हे कशाला. त्यांचा शब्द मी आजवर कधी मोडला नव्हता. हा मोडतो आहे.

या ग्रंथाचे प्रकाशन अध्यक्षसाहेबांच्याच हस्ते होणार आहे. साहेब, त्या दुपारी आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सरांनी दिले नाही, कारण ते मी द्यायला हवे होते. ती यादी मी केली. अक्षर माझे आहे, आणि फोटोही मीच टाकला. व्यासपीठावर सर आपल्या शेजारी बसलेले असतील. मी खाली, पहिल्या रांगेत असेन. आपल्याला जे करायचे ते करावे.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे त्यांना साथ देवोत, आणि चटईवर त्यांच्या शेजारी बसायला मला अजून जागा असो.