मुलीने न पाठवलेला नकार

सर्व नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मी नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण मला खुर्चीतून उठवलं ते एका ‘टिंग’ने. ती दुपार अजून डोळ्यांपुढून हटत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मी प्रभारी होतो. एक मुलगी आत्याला घेऊन तक्रार द्यायला आली. नांदेडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिची नोकरीसाठी निवड झाली होती. रुजू व्हायला गेली, तर तिथे तिच्याच ईमेलवरून आलेला नकार दाखवला: ‘मला ही नोकरी नको.’ आता जागा दुसऱ्याला जाणार होती. मुलगी पांढरीफटक पडली होती. आत्या पदराने तिचे डोळे पुसत म्हणाली, “सायेब, ज्या मुडद्यानं हे केलं त्याला सोडू नका.”

खबऱ्याने सांगितलं, बाजारातला ऑनलाइन फॉर्म भरणारा दुकानदार गिऱ्हाइकांचे ईमेल काढतो आणि सगळ्यांना एकच पासवर्ड देतो. त्याला चौकशीला बोलावलं.

“लोक विसरत्यात म्हणून एकच ठिवतो, सायेब,” तो म्हणाला. “पण हिनं कवाच बदललाय. इचारा तिला.”

मुलीने मान डोलावली. माझा संशयित गेला.

मग मी तिला ईमेलच्या सुरक्षेचं पान उघडायला लावलं. खातं दोन फोनवर चालू दिसत होतं. तिच्याकडे फोन एकच. मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि माझ्या फोनवरून तिला एक ईमेल पाठवला.

तिच्या हातातला फोन वाजला. लगेच दुसरी टिंग आली, ती आत्याच्या पिशवीतून.

मी खुर्चीतून उठलो.

“पासवर्ड बदलल्यानंतर माझा फोन बिघडला, तवा तुझ्या फोनवर मेल उघडला होता,” मुलगी पुटपुटली. “बंद करायचा राहिला.”

“नांदेडला गेलेली पोरगी माघारी येती व्हय?” आत्या म्हणाली. “माझ्या पोरासाठी हिला लहानपणीच मागितलीय.”

मी कॉलेजला लेखी कळवलं, जागा वाचली. मुलीला आत्यावर गुन्हा नको होता. जबाब घेऊन, समज देऊन सोडलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो: दुसऱ्याच्या फोनवर मेल उघडलात तर उठण्याआधी बंद करा, आणि आपलं खातं कुठेकुठे चालू आहे ते अधूनमधून बघा. पासवर्ड बदलून ती मुलगी निर्धास्त होती. मीही आधी दुकानदारालाच धरून बसलो होतो.

त्याच दिवशी माझ्या टेबलाशी बसून तिने आत्याच्या फोनवरचं खातं बंद केलं आणि नवा पासवर्ड टाकताना फोन भिंतीकडे वळवला. आत्या मान लांब करून बघत होती. तिला काही दिसेना, तशी ती सगळ्या ठाण्यासमोर बोलून गेली, “आता माझ्यापासून बी लपवतीस व्हय गं?”