नावाड्याची पुण्यतिथी

ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिण्यात जन्म गेला आणि कपाटात शालींची चळत साचली. त्यातली दरवर्षी एक येते ती कळव्याहून.

एका कादंबरीत मला खाडीत लढताना मरणारा नावाडी हवा होता. त्याचं आडनाव मी कळव्यातल्या एका दुकानाच्या पाटीवरून उचललं. माझ्या पात्रांना आडनावं अशीच मिळतात.

पुस्तक आलं आणि त्या आडनावाची मंडळी पेढे घेऊन डोंबिवलीला माझ्या घरी हजर. त्यांना पूर्वज सापडला होता!

"अहो, तो खरा नाही. मी रचलाय त्याला," मी म्हटलं.

त्यांच्यातले वयस्कर काका हसले. "सर, तुम्ही अभ्यास केल्याशिवाय एक ओळ तरी लिहिता का?"

प्रत्येक मुलाखतीत मीच हे सांगत आलोय.

"फक्त तिथी सांगा. पुण्यतिथी करायचीय."

मला जाम कंटाळा आलेला. तोंडात आली ती तिथी सांगून टाकली. ते गेल्यावर लक्षात आलं, ती माझ्या बायकोच्या श्राद्धाची होती.

आता दरवर्षी त्या दिवशी मी सकाळी तिच्या फोटोला हार घालतो आणि त्यांनी पाठवलेल्या गाडीत बसतो. तिथे फ्लेक्सवर झुपकेदार मिशांचा नावाडी असतो. मी भाषण करतो, शाल घेतो. मग मांडवभर पंगत बसते, आग्रह होतो. मी मान खाली घालून जेवतो.

तिच्या तिथीला आमच्याकडे इतकी माणसं कधीच जेवली नव्हती.