माझी रूमपार्टनर आणि बाबांचा डावा गाल

माझ्या रूमपार्टनरइतका पॅथॉलॉजीवर जीव टाकलेला माणूस दातांच्या डॉक्टरांच्या अख्ख्या जमातीत सापडायचा नाही, आणि माझा जीव तिच्याइतका दुसऱ्या कोणी जाळलेला नाही. ही दोन्ही विधानं मी शपथेवर करायला तयार आहे. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला जनरल पॅथॉलॉजी नावाचा विषय असतो. दात त्यात औषधालाही सापडत नाही. यकृत, प्लीहा, गळवं, गाठी, सुजणं आणि सडणं यांचा वर्षभर अभ्यास करायचा, पास व्हायचं आणि मग सुखानं सगळं विसरून दाढांकडे वळायचं, असा आम्हा पोरींचा शिरस्ता. आम्ही तो विषय गोळीसारखा पाण्याबरोबर गिळत होतो. ती मात्र तो बोरासारखा तोंडात घोळवायची आणि बी फेकायलाही तयार नसायची.

ती गोंडपिपरीच्या पुढच्या एका खेड्यातली. आई अंगणवाडीत, वडील धान लावणारे आणि संध्याकाळी विहारात पेटी वाजवणारे. नागपूरच्या हॉस्टेलात तिची पत्र्याची पेटी माझ्या पलंगाशेजारी आली, तेव्हा मला वाटलं, बिचारीला इंग्रजी पुस्तकं जड जातील, आपण मदत करू. मला मदत करायची मोठी हौस होती. ती तिनं कधी पुरी होऊ दिली नाही. मी पानंच्या पानं पाठ करायची. डोळे मिटले की मला परिच्छेद दिसायचे. तिला पेशी दिसायच्या, आणि त्या सगळ्या तिच्या नात्यागोत्यातल्या निघायच्या. जखम झाली की सगळ्यात आधी धावत येणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती ‘पहिल्या पंगतीचे’ म्हणायची. येतात, हाणतात आणि तिथंच आडवे होतात. दोन दिवसांनी सावकाश येऊन उष्टं-खरकटं आवरणाऱ्या थोराड पेशी म्हणजे तिची मोठी आत्या. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी एकदा वर्गात सुजेबद्दल मला विचारलं. मी दीड पान न अडखळता म्हणून दाखवलं. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. मग त्यांनी तिला उभं केलं, आणि तिची आत्या लग्नघरात येऊन पोचेपर्यंत मॅडमसकट सगळा वर्ग हसत होता, शिवाय सगळ्यांचं पाठही झालं होतं. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवायला गेले नाही. तिनं माझं ताट झाकून खोलीवर आणलं. त्यामुळे तर मला आणखीच राग आला.

परीक्षेआधीच्या सुट्टीत ती महिनाभर आमच्या घरी चंद्रपूरला राहिली. तिच्या गावात वीज कधी असायची, कधी नसायची, म्हणून मी तिला बोलावलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर ती अभ्यास नेमका कसा करते, यावर मला नजर ठेवायची होती. मे महिना, चंद्रपूरचं ऊन. कूलरसमोरची जागा सोडली तर घरात कुठं बसायची सोय नाही. ती जागा मी धरायची आणि ती स्वयंपाकघरात आईजवळ बसायची. यकृतात रक्त साचून राहिलं की ते कापल्यावर जायफळासारखं दिसतं, असं पुस्तकात होतं. मी ते वाक्य अधोरेखित केलं. तिनं आईकडून जायफळ मागून घेतलं, आडवं कापलं आणि त्याची अर्धी फोड आठवडाभर ओढणीच्या टोकाला बांधून फिरली. बोलता बोलता सोडून बघायची. एका उपासाला आईनं साबुदाण्याची उसळ केली, तेव्हा तिनं घास उचलून आईला सांगितलं की एका रोगात प्लीहा हुबेहूब अशी दिसते. मी ताट सरकवलं. तिनं दोनदा वाढून घेतलं, आणि आई, जिला मी कुठलाही धडा सांगायला लागले की दूध उतू जाताना दिसायचं, ती विचारत होती की मग त्या माणसाला उपास चालतो का.

आईला गच्चीवर गांधीलमाशी चावली तेव्हाही तेच. मी चुना आणायला धावले. ती आईचा हात धरून बसली होती आणि आता लाल होईल, आता गरम लागेल, आता फुगेल, असं एकेक सांगत होती. सांगितल्याबरहुकूम हात लाल झाला, गरम झाला, फुगला. आई कौतुकानं त्याच्याकडे बघत होती, जणू तिला बक्षीस मिळालंय. मी चुना घेऊन जिन्यात उभी.

रांगोळीचं तर सांगायलाच हवं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचेवरच्या पेशी गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या असतात, म्हणून ती पेन्सिलीही त्या दोनच रंगांच्या आणायची. बाकीचे रंग तिच्या हिशेबी वायाच. एका सकाळी तिनं आमच्या दारात त्याच दोन रंगांत क्षयरोगाची गाठ काढली. मधे मऊ पडलेला भाग, भोवती पेशींचं रिंगण, एका मोठ्या पेशीत घोड्याच्या नालेसारखी मांडलेली केंद्रकं. शेजारच्या बाईंना ते सहस्रदल कमळ वाटलं. त्यांनी फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि वर लिहिलं, शुभ सकाळ. मी त्याच सकाळी उंबऱ्याशी चार पाकळ्यांचं फूल काढलं होतं. ते कोणाच्याच स्टेटसला गेलं नाही.

या सगळ्यावर मी मात करू शकले असते. पण ती लोकांच्या तोंडात बघायची. दात आम्हाला अजून शिकवलेही नव्हते, तरी एसटीतला कंडक्टर असो की जीपचा ड्रायव्हर, ती सहज आवाजात म्हणायची, “आ करा ना भाऊ,” आणि लोक आ करायचे. का करायचे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्याकडे खर्रा घरोघर. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरून बसायचं. तोंडात तीन बोटं उभी गेली तर ठीक, दोनच गेली तर काळजी, हे तिनं कुठून तरी वाचून ठेवलं होतं. गोंडपिपरीहून येताना तिनं अख्खी जीप मोजून काढली होती.

माझे बाबा कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात बाबू. वीस वर्षांचा खर्रा. स्वभावानं कडक, त्यांना आ करा म्हणायची घरात कोणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच. एका दुपारी आईनं आंबे कापले. बाबांनी फोड उचलली आणि सुरीनं तिचे बारीक बारीक तुकडे केले. ते नेहमीच तसं करायचे. आम्हाला ती त्यांची टापटीप वाटायची. ती बघत राहिली. मग म्हणाली की परीक्षेसाठी तिला एक तोंड बघायचंय, काका दाखवतील का. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि चक्क आ केला. तिची दोन बोटं जेमतेम गेली. खिडकीच्या उजेडाकडे त्यांचं तोंड वळवून तिनं डावा गाल बघितला, हात धुतला आणि आंबा गोड आहे म्हणाली. एरवी ती यावर तासभर बोलली असती.

मला तिनं गच्चीवर गाठलं.

“काकाच्या डाव्या गालाले आतून पांढरं हाय,” ती म्हणाली. “पुसून निघत नाई. तू पाह्यलं नाईस का?”

मी म्हटलं, लोणचं लागलं असेल. वर म्हटलं, आपली एक वर्षाची पॅथॉलॉजी झालीय, तीही परीक्षा न देता. लगेच डॉक्टर व्हायचं कारण नाही. मला जे म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. माझ्या बापाचं तोंड, माझ्या घरात, रोज समोर बसून जेवणारं, आणि ते आधी तिला दिसलं. मी खाली येऊन पुस्तक उघडलं. पेशी बिघडायला लागतात तो धडा मला तोंडपाठ होता. मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि आठ दिवस बाबांना एक शब्द बोलले नाही. रोज सकाळी ती माझ्याकडे बघायची, आणि मी पान उलटायची. आज माझ्या खुर्चीवर कोणी पेशंट उशिरा दाखवायला आला आणि मी त्याच्यावर रागावले, तर तो राग अर्धा त्या आठ दिवसांचा असतो.

नवव्या दिवशी ती बाबांजवळ जाऊन बसली. मी दाराआडून ऐकत होते. तो डाग अजून कॅन्सर झालेला नसावा, पण होऊ शकतो, त्याचा तुकडा काढून तपासावा लागेल आणि खर्रा आजपासून बंद, असं तिनं त्यांना सरळ सांगितलं. बाबांचा आवाज चढला. तिचा चढला नाही.

“हे मी नाई पाह्यलं काका,” ती म्हणाली. “तुमच्या पोरीनं पाह्यलं. तिले तुमच्यापुढं बोलाले भेव वाटते, म्हणून मले पाठवलं.”

बाबांनी खिशातली खर्र्याची पुडी काढून तिच्या हातात दिली. संध्याकाळी ते माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फिरायला गेले. असा हात त्यांनी दहावीच्या निकालालाही ठेवला नव्हता. तो माझा नव्हता, आणि मी तो परतही केला नाही.

परीक्षा झाली. मला तिच्यापेक्षा नऊ मार्क जास्त पडले. ती मनापासून खूश झाली, म्हणजे तोही आनंद गेला. बाबा नागपूरला आले, आमच्याच कॉलेजात गालाचा तुकडा काढला. मुखरोगाच्या सरांनी आम्हाला काच बघायला बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकापर्यंत गेले आणि मागे आले. डोळा लावायचा धीर होईना. तिनं बघितलं. इतका वेळ बघितलं की तेवढ्यात मी तो पेशींचा धडा मनात दोनदा म्हटला. सर काही सांगणार, त्याआधी ती वळली.

“बिघडल्या हायेत,” ती म्हणाली, “पण थोड्याशाच. अन् बांध फुटला नाई. खालची रेघ साबूत हाय. पाणी धानाच्या बांधीतच हाय.”

सर म्हणाले, हेच, पण वेगळ्या शब्दांत. मी मात्र तिच्याच शब्दांत घरी फोन केला. पुढं तोंड जास्त उघडावं म्हणून तिनं बाबांना आइस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा पाठवला. एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमलं की एक वाढवायची. बाबा दर रविवारी फोन करून काड्यांचा आकडा सांगायचे. तिला. मी शेजारी बसलेली असायची.

याला आता अकरा वर्षं झाली. माझा दवाखाना चंद्रपुरात, घरापासून पाच मिनिटांवर. एसी आहे, खुर्ची परदेशी आहे. तिचा गोंडपिपरीच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांचा. बाजाराच्या दिवशी ती भाजीवाल्या बायांच्या ओळीत स्टूल टाकून बसते आणि येईल त्याला आ करायला लावते. जंगलातल्या गावांतून मोहफुलं विकायला आलेली माणसं आधी तोंड दाखवतात, मग मोहाचं पोतं सोडतात. आणि माझे सख्खे बाबा दर सहा महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालतात, माझ्या दवाखान्यावरून चालत स्टँडवर जातात आणि गोंडपिपरीची बस धरतात. गल्लीतले लोक मला विचारतात. मी म्हणते, हवापालट.

गेल्या महिन्यात मी हट्टानं त्यांना गाडीतून घेऊन गेले. तिनं मला चहा दिला, बाबांचा गाल बघितला आणि मग तोंडात घालायचा छोटा आरसा माझ्या हातात देऊन बाजूला झाली. बाबांनी तोंड मिटलं. मी आरसा तिला परत दिला. तीन बोटं गेली, असं ती म्हणाली, आणि आम्ही दोघी नको तेवढं हसलो.

परत येताना कोठारीच्या अलीकडे रस्ता सागाच्या जंगलातून जातो. तिथं मी बाबांना विचारलंच. इतकी वर्षं मनात होतं. पाच मिनिटांवर पोरीचा दवाखाना असताना एवढ्या लांब काऊन.

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

“तिच्या तोंडाकडं पाह्यलं तं मले काहीच समजत नाई,” ते म्हणाले. “ती आत पाह्यते, मी वरतं पंख्याकडं पाह्यतो. तुह्या तोंडाकडं पाह्यलं तं मले सगळं समजते. मंग मी आ कसा करू?”

मी गाडी चालवत राहिले. पुढं माकडं रस्त्यावर बसली होती, त्यांच्यासाठी थांबावं लागलं. त्या आठ दिवसांचं बाबांना सांगावं, असं तेव्हा फार वाटलं. माकडं हलेपर्यंत मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात त्यांचा डोळा लागला. झोपेत त्यांचं तोंड थोडं उघडं होतं, आणि मी काच वर केली, धूळ जाऊ नये म्हणून.