उंबरठ्याचे दोन गुण

जगातल्या यच्चयावत माणसांची शून्य, एक आणि दोन अशा तीन ढिगांत वाटणी करता येते, अशी दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या शेजारच्या बाईंची ठाम समजूत आहे. बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. कोणाला व्हीलचेअर किती चालवता येते हे मोजणं हा त्यांचा पेशा. निवृत्तीनंतर त्याचं व्यसन झालं. सफाईनं जमलं तर दोन गुण, कसंबसं जमलं तर एक, दुसऱ्याचा हात लागला की शून्य. नोएडात एका लग्नाला गेलो, तर बाई वधूवरांना सोडून हॉलच्या रॅम्पला मोजपट्टी लावून बसल्या. मेट्रो स्टेशनात व्हीलचेअरवरच्या एका अनोळखी गृहस्थाला गाठून, "टर्न बढ़िया लिया, लेकिन ब्रेक लगाना भूल गए. एक नंबर," असा निकालही लावला. तो बिचारा घाबरून थँक्यू म्हणाला.

अपघातानंतर माझी बायको शैला व्हीलचेअरवर आली आणि आम्ही बाईंच्या तावडीत सापडलो. तिला सगळं जमलं, फक्त आमच्या क्वार्टरचा उंच उंबरठा जमेना. पुढची चाकं उचलून पलीकडे टेकवायची, मग अंग पुढे झोकून मागची चढवायची. ती घामाघूम व्हायची, रडकुंडीला यायची. वरचे शर्माजी "भाभीजी, हम उठा देते हैं" म्हणत धावले, की बाई ओरडत, "हाथ मत लगाइए! पेपर चल रहा है!"

"मी आहे ना, कशाला तिचे हाल करता?" मी एकदा चिडलो.

"तुम्ही नसाल तेव्हाचे मार्क देतेय मी."

बाईंना काळीज नाही, असं मी चारचौघांत सांगत सुटलो. आणि एके दिवशी, बाई समोर उभ्या असताना, मी मागून चाकाला गुपचूप पायाचा रेटा दिला. शैलालाही कळलं नाही. दोन गुण! बाईंनी ते फॉर्मवर लिहून खाली सही ठोकली. तिनं हौसेनं शिरा केला. पुढे एकटीनं उंबरठा ओलांडायची वेळ मी तिच्यावर येऊच दिली नाही.

गेल्या मार्चमध्ये भरदुपारी मला पक्षाघाताचा झटका आला. शैलाचा फोन दुरुस्तीला, माझा माझ्याच अंगाखाली दबलेला. तिनं हाका मारल्या, पण सगळे ऑफिसात, बाईही नेमक्या बाहेरगावी. मग ती बेधडक दाराकडे गेली. चाक अडलं. पुन्हा अडलं. मी पडल्या पडल्या बघत होतो, तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी खुर्ची उलटली आणि ती सरपटत बाहेर गेली. यात तास गेला. लवकर आणलं असतं तर हात-पाय वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

वाचा आल्यावर बाईंना मी सगळं कबूल केलं. पर्समधून शैलाचा तो फॉर्म काढून त्यांनी दोन खोडले, शून्य लिहिलं. खाली परीक्षक म्हणून त्यांची सही होती, त्या सहीपुढेही एक शून्य लिहिलं.

आता शैला उंबरठा खरोखर एकटी ओलांडते. त्याच उंबरठ्यावर व्हीलचेअरमध्ये परीक्षा माझी असते, एका हाताची आणि एका पायाची. माझी धडपड बघवेनाशी होऊन शैला पुढे होते, तेव्हा बाई तिचा हात घट्ट धरून ठेवतात. त्यांचे डोळे भरलेले असतात, पण हात काही त्या सोडत नाहीत.