रेवा तर सोफ्यावर झोपली होती

आधीच सांगते, भूतबीत असल्या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या गणपतीच्या नाटकांत मी दोनदा चेटकीण झालेय... हिरवा दिवा कोण धरतं हे ठाऊक असलेल्या बाईला कशाची भीती वाटणार? शिवाय गोष्टीला फोडणी घालायची मला सवय आहे, हे आमच्या ब्लॉकच्या लिफ्टलाही माहीत आहे. म्हणून ही गोष्ट बिनफोडणीची सांगणार आहे. जमेल तितपत.

आम्ही बुकित बातोकला राहतो. गेल्या वर्षी माझ्या बहिणीची मुलगी रेवा आमच्याकडे होती. बहीण याच शहरात, आंग मो किओला राहते, पण रेवाची युनिव्हर्सिटी आमच्याकडून जवळ. मास्टर्सचे कोर्सेस, त्यातच ज्युनियर मुलांची लॅब घ्यायची, शनिवारी नोव्हेना भागातल्या एका ट्यूशन सेंटरमध्ये सायन्स शिकवायचं, आणि या सगळ्यावर डेंटलच्या प्रवेशाची तयारी. डेंटलला हाताच्या कौशल्याचीही परीक्षा असते म्हणे, म्हणून माझे चंदनाचे साबण पळवून त्यांतून दाढा कोरत बसायची. बाथरूममध्ये साबण म्हणून जे उरायचं ते कवळीसारखं दिसायचं.

पोरगी हळूहळू बधिर होत गेली. रडली असती, चिडली असती, तर मला समजलं असतं. ती एमआरटी ट्रेनमधल्या अनाउन्समेंटच्या आवाजात बोलायला लागली. एकदा मी मुद्दाम (हो, मुद्दाम) बिनमिठाची आमटी वाढली. तिने वाटी संपवली.

"कशी झालीय गं?"

"नाइस, मावशी."

तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

"अगं, एक काहीतरी सोड ना," मी म्हटलं.

"काय सोडू? कोर्स सोडला तर ग्रेड जाते. क्लास सोडला तर लेटर जातं."

लेटर म्हणजे सेंटरच्या मॅडमचं शिफारसपत्र. तापामुळे एक शनिवार आधीच चुकला होता आणि पुन्हा चुकला तर पत्र विसर, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. अर्जाची मुदत संपत आली होती. पत्राशिवाय अर्जच नाही.

तर, त्या शनिवारी... भर दुपार, लख्ख ऊन, खाली मुलं बास्केटबॉल आपटताहेत — भुतांना अजिबात न शोभणारी वेळ. रेवा जेवून सोफ्यावर बसली, मुठीत साबणाची अर्धवट कोरलेली दाढ, आणि बसल्या बसल्या कलंडली. निघायची वेळ झाली तशी मी हाक मारली. मग हलवलं. मग तोंडावर पाणी शिंपडलं. तिने डोळे किलकिले केले, "येस, येस" म्हणाली आणि पुन्हा गाढ झोपली. क्लास सुरू व्हायची वेळही टळून गेली. आजारी आहे म्हणून तरी सांगावं, मॅडमला दया आली तर आली, म्हणून मी सेंटरला फोन लावला. तिथल्या रिसेप्शनवरची, वाक्याला 'लाह'चं शेपूट लावणारी मिस लिम मला ओळखते.

"मिस लिम, रेवाला आज बरं नाहीये. ती येऊ शकणार नाही."

"आंटी, जोक करताय का? ती आत शिकवतेय लाह."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमची रेवा. काचेतून दिसतेय मला. आज एकदम मूडमध्ये आहे, मुलं नुसती हसताहेत. बोलायचंय? थांबा, देते."

मी 'नको' म्हणेपर्यंत ती फोन घेऊन निघालीही. रेवा माझ्यापासून हातभर अंतरावर झोपलेली, मी शिंपडलेलं पाणी तिच्या कानामागून ओघळतंय. फोनमध्ये पावलं वाजली, दार उघडलं, मुलांचा गलका आला. आणि मग रेवाचा आवाज. अगदी पूर्वीचा, खट्याळ.

"मावशी, तिला उठवू नकोस. झोपू दे."

फोन बंद झाला.

इथे मी किंचाळले, फोन हातातून पडला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण तसं काहीच झालं नाही. मी फोन चार्जिंगला लावला. चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. भीतीसुद्धा वाटत नव्हती. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात आणि आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा वाटतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. ही पोर कित्येक महिने अशीच वावरतेय का... एवढंच काय ते मनात आलं.

रेवा दिवेलागणीला उठली. घड्याळ पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"क्लास झाला," मी म्हटलं.

"कोणी घेतला?"

"तू."

"मावशी, प्लीज. नॉट नाउ."

बरोबरच आहे, चेटकिणीवर कोण विश्वास ठेवणार? तिने स्वतः मिस लिमला फोन केला. ऐकता ऐकता ती खाली बसली. मॅडम म्हणे काचेबाहेर उभ्या राहून क्लास बघत होत्या. फार खूश होत्या. पत्र सोमवारी तयार होणार होतं.

मग ती आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहत राहिली. साबणाची दाढ नव्हती. आम्ही सोफा ओढला, उशा झटकल्या. नाहीच.

जेवायला मी यांत्रिकपणे आमटी वाढली. रेवाने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"मावशी, मीठ विसरलीस."

या वेळी मी मुद्दाम केलं नव्हतं, शप्पथ. मीठ आणायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडून घेतलं.

पुढच्या शनिवारी मिस लिमने रेवाच्या हातात एक वस्तू ठेवली. टेबलावर विसरून गेली होतीस म्हणाली. चंदनाच्या साबणाची दाढ... पूर्ण कोरलेली.

अर्ज गेला. प्रवेशही मिळाला. आमचे हे म्हणतात, तुलाच डुलकी लागली असेल. दाढ समोर ठेवली की पेपर उघडतात. रेवा या विषयावर बोलत नाही. मीही डोकं खाजवून दमले, काही सापडलं नाही. फोनवरचं ते वाक्य मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. 'तिला' म्हणजे कुणाला, असं तिने विचारलं तर मी काय सांगू?

परीक्षा आली की ती अजून आमच्याकडे येते, त्याच सोफ्यावर आडवी होते. मी तिला उठवत नाही. आणि ती झोपेत असेपर्यंत कुठेही फोन करत नाही.