स्क्रीन आधी बघा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला नाही. रेश्माला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीट कळलेलं नाही — बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

कुडाळात एसटी स्टँडजवळ माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, काजूची पाकिटं, वाढदिवसाचे बॅनर — बॅनरवरच्या माणसांना दोन छटा गोरं करण्यात माझा हातखंडा आहे. नवशिकी मुलंमुली विचारायला येतात. ताई, सुरुवात करायची तर काय घेऊ? मी काम बाजूला ठेवते, खुर्ची देते, चहा सांगते. पेन टॅबलेट साधा चालेल, म्हणते, प्रोसेसरचं नंतर बघू, स्क्रीन आधी बघा. लॅपटॉप मागेपुढे कलता करा — रंग बदलला तर घेऊ नका. कोरं पान उघडा आणि ते खरंच पांढरं दिसतंय का बघा. ती लिहून घेतात. ताई किती मनापासून सांगते, असं बाहेर म्हणतात म्हणे.

हे सगळं मला सहा वर्षांपूर्वीही माहीत होतं. तेवढं लक्षात ठेवा.

रेश्मा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मालवणच्या रस्त्याला त्यांची कलमांची बाग आहे, आणि घरातली आढी तीच बघायची. आंबे गवतात मांडून ठेवतात, रोज सकाळी त्यातले तयार झालेले वेगळे काढतात. एखादा राहून गेला तर सडतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. बाकीचे दाबून बघायचे, वास घ्यायचे. रेश्मा उभ्यानेच बोट दाखवायची. ह्यो, ह्यो, आणि तो कोपऱ्यातलो उद्या. चुकली असं कधी ऐकलं नाही.

मी दुकान टाकल्यावर ती येऊन माझ्या शेजारी बसायची. एकदा स्क्रीनवर काजूचं पाकीट होतं. ती म्हणाली, "ह्येका तांबडो जास्ती झालो गो." मी हसले. मी कोल्हापुरात प्रेसमध्ये तीन वर्षं घासून आलेली, आणि ही औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारी! दोन दिवसांनी वेंगुर्ल्याचे कारखानदार आले आणि तेच म्हणाले. मी तांबडा कमी केला. आधी कोणाच्या लक्षात आलं होतं, हे काही त्यांना सांगितलं नाही. एवढं कोण सांगतं? पण ते माझ्या मनातून गेलं नाही. माझ्याजवळ शिकलेलं होतं, तिच्याजवळ असलेलं होतं — आणि कुडाळात काम एकीपुरतंच होतं.

वर्षभराने तिने ठरवलं की आपणही हेच करायचं. औषधांच्या दुकानात उभं राहून साठवलेलं सगळं त्यात घालणार होती. कमी पडले ते पैसे देताना तिच्या भावाने एवढंच सांगितलं होतं, एकदा करून बघ, पुन्हा मागू नकोस. लॅपटॉप घ्यायला मला सोबत नेलं. "माका त्यातला काय कळना नाय. तू सांगशीत तोच घेतंय."

दुकानात दोन होते. एक साधा, करड्या रंगाचा. दुसरा मोठा, जड, बटणांखाली लाल दिवे लागणारा. मी दुसरा दाखवला. रॅम जास्ती आसा, म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली असेल. नाही. ती दुकानदाराशी बॅगेबद्दल बोलत होती तेव्हा मी तो लॅपटॉप कलता करून बघितला होता. स्क्रीनवरच्या चित्रातल्या बाईचा चेहरा काळा पडला. सरळ केला, तरी पांढऱ्यावर निळी झाक होती. मी ते बघितलं, आणि मग म्हटलं — घे.

हे एवढंच असतं तर कदाचित मी सांगितलंही नसतं. ह्याच्यापुढे जे केलं ते सांगायचं आहे, आणि मी अजून त्याच्याभोवतीच फिरतेय.

तिचं पहिलं काम मामाच्या आंब्याच्या पेट्यांचं लेबल. त्या निळसर स्क्रीनवर आंबा फिका दिसायचा, म्हणून ती पिवळा आणि तांबडा वाढवत गेली — तिच्या डोळ्याला पटेपर्यंत. छापून आलं ते तपकिरी. मामाने गठ्ठा सोडला आणि म्हणाला, "गो, ह्यो आंबो कुसलेलो दिसता." रागाने नाही म्हणाला. हंगाम थांबत नाही, त्याच लेबलांनी पेट्या गेल्या. मग तारकर्लीच्या एका होमस्टेचा बोर्ड. त्यातला समुद्र गढूळ आला, पावसाळ्यात खाडीचं पाणी असतं तसा. तिसरं काम कोणी दिलं नाही.

ती माझ्याकडे आली. लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, शेजारी मामाचं लेबल ठेवलं. बराच वेळ दोन्हींकडे बघत होती. मग म्हणाली, "माझ्या डोळ्यांका काय झालाहा काय गो? माका रंगच कळनत नाय."

माझा चांगला मॉनिटर तिथेच चालू होता. तिची फाइल त्याच्यावर उघडली असती तर जे छापून आलं होतं तेच समोर दिसलं असतं, आणि एका मिनिटात तिला कळलं असतं की डोळे तिचे ठीक आहेत. पेन ड्राइव्ह लागला असता. तो टेबलावरच होता. मी त्याच्याकडे बघितल्याचंही मला आठवतं.

मी म्हटलं, "रंगाची नजर सगळ्यांकच नसता गो. मनाक लावन घेव नको."

तिने मान हलवली. लगेच पटलं तिला — ह्या धंद्यातलं कळणारं तिच्या ओळखीचं दुसरं होतं कोण? मी चहा मागवला. तिने तो प्यायला, कप विसळून जागेवर ठेवला आणि लेबल चार घड्या करून पर्समध्ये टाकलं.

आता ती वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात जाते. तिथे गरांची निवड रंगावरून होते, पांढरे वेगळे, भाजलेले वेगळे. तिला निवडीला बसवत होते. नको म्हणाली, आपल्याला रंग कळत नाही, पॅकिंगला द्या. हे तिनेच मला हसत सांगितलं. साडी घ्यायची झाली तर दुकानातून मला फोटो पाठवते, रंग बरो दिसता काय म्हणून. मी उत्तर देते.

वाईट वाटतं का, विचाराल. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघतो ना, तसं मी अधूनमधून बघते. गाल असतो. बाकी काही लागत नाही.

ह्या वैशाखात रेश्माच्या घरी गेले होते. आढी आता तिची वहिनी बघते. ती बाजारात गेली होती. मला आंबे द्यायचे म्हणून रेश्मा स्वतः गवताशी बसली. एक उचलला, फिरवला, दाबला, वास घेतला. परत ठेवला. परत उचलला. मग माझ्यासमोर धरला.

"ह्यो झालो काय गो? तुका कळता."

आंबा तयार होता. देठापर्यंत केशरी, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसला असता.

"झालो," मी म्हटलं.

तिने तो पिशवीत ठेवला आणि दुसरा उचलला. डझनभर आंबे तिने असे एकेक विचारून दिले. मी प्रत्येक वेळी बघून सांगितलं. घरी आणून आम्ही ते खाल्ले.